पाचशे कप्प्यांतले बुद्धिबळ : ओपनिंग्जचे वर्गीकरण आणि बदलती लोकप्रियता

बुद्धिबळाच्या डावात पांढऱ्या मोहऱ्यांना पहिल्या खेपेस २० चाली उपलब्ध असतात आणि काळ्याकडेही उत्तरादाखल तितक्याच चाली असतात. दोन्ही बाजूंची एकेक चाल होताच पटावर ४०० वेगवेगळ्या स्थिती संभवतात. प्रत्येकी दोन चाली झाल्या, की चालींच्या संभाव्य क्रमांची संख्या १,९७,२८१ वर जाते. या अफाट अरण्यात प्रत्यक्ष रहदारीच्या वाटा मात्र मोजक्याच आहेत. गेल्या पाचशे वर्षांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या खेळाडूंनी त्या मळल्या, त्यांना नावे दिली आणि पुढे क्रमांकही दिले. डावाच्या आरंभीच्या या मळलेल्या वाटांनाच बुद्धिबळाच्या परिभाषेत ओपनिंग असे म्हणतात.

ओपनिंग्जचे आज सर्वमान्य असलेले वर्गीकरण पाचशे कप्प्यांचे आहे. वरवर पाहता ते एखाद्या ग्रंथालयाच्या सूचीसारखे तटस्थ वाटते. प्रत्यक्षात मात्र ते ज्या काळात तयार झाले, त्या काळातील खेळाडूंच्या आवडीनिवडींचा ठसा त्यावर उमटलेला आहे. त्यामुळे कप्पे तेच राहिले आणि त्यांतील वर्दळ बदलत गेली. काही कप्पे ओस पडले, काही ओसंडून वाहू लागले, तर काही लोकप्रिय ओपनिंग्जना स्वतःचा कप्पाच मिळाला नाही. ओपनिंग्जचा इतिहास समजून घ्यायचा, तर ही सूची आणि ही वर्दळ दोन्ही एकत्र पाहावी लागतात.

नावांची परंपरा

क्रमांक येण्यापूर्वी ओपनिंग्ज केवळ नावांनी ओळखली जात आणि ही नावे कोणत्याही एका नियमाने पडलेली नाहीत. काही नावे माणसांची आहेत. स्पेनमधील धर्मगुरू रुय लोपेझ याने १५६१ मध्ये आपल्या ग्रंथात ज्या ओपनिंगची चर्चा केली, ते आज त्याच्या नावाने ओळखले जाते. युरोपातील अनेक देशांत त्यालाच स्पॅनिश ओपनिंग म्हणतात. होरॅशियो कॅरो आणि मार्कस कान या दोघांनी १८८६ मध्ये केलेल्या विश्लेषणावरून कॅरो-कान बचावाचे नाव रूढ झाले. विल्यम डेव्हिस इव्हान्स हा वेल्समधील जहाजाचा कप्तान होता. १८२० च्या दशकात त्याने शोधलेला गँबिट त्याच्याच नावाने अजरामर झाला.

काही नावे गावांवरून व देशांवरून पडली. १८२४ ते १८२८ या काळात एडिंबरा आणि लंडन या शहरांच्या क्लबांमध्ये पत्राद्वारे सामना झाला आणि त्यातून स्कॉच ओपनिंगचे नाव आले. १८३४ ते १८३६ दरम्यान पॅरिस आणि लंडन यांच्यात असाच सामना झाला. त्यात पॅरिसच्या खेळाडूंनी राजापुढील प्यादे एकच घर पुढे सरकवून उत्तर दिले आणि तो बचाव फ्रेंच म्हणून ओळखला जाऊ लागला. सिसिलियन बचावाची चर्चा करणारा पिएत्रो कारेरा हा स्वतः सिसिलीचा होता आणि त्याचा ग्रंथ १६१७ मधील आहे.

नावांची ही परंपरा रसाळ असली, तरी सोयीची नव्हती. एकाच ओपनिंगला दोन देशांत दोन नावे असत. ज्याला इंग्रजी ग्रंथ पेट्रॉफ बचाव म्हणत, त्यालाच अन्यत्र रशियन बचाव म्हटले जाई. उपप्रकारांची नावे तर प्रत्येक ग्रंथकार आपापल्या पसंतीने देत असे. डावांची संख्या हजारोंच्या घरात गेली, तेव्हा ही नावे शोधकार्याला अपुरी पडू लागली.

वर्गीकरणाचे मूळ तत्त्व

व्यवस्थित वर्गीकरणाचा पहिला मोठा प्रयत्न जर्मनीत झाला. पॉल बिल्गुएर या तरुण खेळाडूने आरंभलेला आणि त्याच्या अकाली निधनानंतर फॉन डेर लासा याने पूर्ण केलेला बुद्धिबळाचा मार्गदर्शक ग्रंथ १८४३ मध्ये प्रसिद्ध झाला. चालींचे क्रम तक्त्यांच्या रूपाने मांडण्याची पद्धत त्याने रुळवली. इंग्रजीत १९११ मध्ये निघालेल्या 'मॉडर्न चेस ओपनिंग्ज' या ग्रंथाने हीच परंपरा पुढे नेली.

ओपनिंग्जची स्थूल विभागणी पहिल्या चालीवरून होते. पांढऱ्याने राजापुढील प्यादे दोन घरे पुढे सारले आणि काळ्यानेही तेच केले, तर त्या डावांना खुले डाव म्हणतात, कारण पटाचा मध्य लवकर मोकळा होऊन मोहऱ्यांची गाठ पटकन पडते. रुय लोपेझ, इटालियन, स्कॉच, किंग्ज गँबिट ही या गटातील ओपनिंग्ज होत. त्याच चालीला काळ्याने वेगळे उत्तर दिले, तर ते अर्धखुले डाव ठरतात. सिसिलियन, फ्रेंच आणि कॅरो-कान हे बचाव त्यात मोडतात. पांढऱ्याने वजिरापुढील प्यादे दोन घरे सारले आणि काळ्याने तशीच चाल केली, तर ते बंदिस्त डाव होत. तेथे प्यादी एकमेकांना अडवून धरतात आणि युद्ध सावकाश रंगते. क्वीन्स गँबिट हे त्याचे प्रमुख उदाहरण आहे. काळ्याने प्याद्याऐवजी घोडा बाहेर काढला, तर पुढे बहुधा इंडियन या नावाने ओळखले जाणारे बचाव येतात. मधली प्यादी मागे ठेवून बाजूने सुरुवात करणारी इंग्लिश, रेटी यांसारखी ओपनिंग्ज बगलेची म्हणून ओळखली जातात.

बेलग्रेडचे पाच खंड

या स्थूल विभागणीला क्रमांकांची शिस्त लावण्याचे श्रेय तत्कालीन युगोस्लाव्हियाला जाते. तेथील ब्रास्लाव राबार याने ओपनिंग्जची एक सांकेतिक पद्धत तयार केली होती. पुढे ग्रँडमास्टर अलेक्झांडर मातानोविच याच्या पुढाकाराने १९६६ मध्ये बेलग्रेडहून 'चेस इन्फर्मंट' हे नियतकालिक सुरू झाले. जगभरातील निवडक डाव त्यात छापले जात. चालींवरील भाष्य शब्दांऐवजी चिन्हांनी केलेले असे. त्यामुळे रशियन, स्पॅनिश किंवा भारतीय वाचकाला ते सारखेच समजे. १९७४ ते १९७९ या काळात याच संस्थेने 'एन्सायक्लोपीडिया ऑफ चेस ओपनिंग्ज' हा पाच खंडांचा कोश प्रसिद्ध केला. त्याचे ईसीओ हे संक्षिप्त रूप सर्वत्र रूढ झाले.

या पद्धतीत ए, बी, सी, डी आणि ई असे पाच खंड असून प्रत्येकात ०० ते ९९ असे शंभर कप्पे आहेत. ए खंडात बगलेची ओपनिंग्ज, डच बचाव, बेनोनी आणि इतरत्र न बसणारे प्रकार आहेत. बी खंड फ्रेंच वगळता उरलेल्या अर्धखुल्या डावांचा आहे. सी खंडात फ्रेंच बचाव आणि सर्व खुले डाव येतात. डी खंडात क्वीन्स गँबिट, स्लाव्ह आणि ग्रुनफेल्ड हे बचाव आहेत. ई खंड कॅटलन ओपनिंग, निम्झो-इंडियन, क्वीन्स इंडियन आणि किंग्ज इंडियन यांना दिलेला आहे.

ही मांडणी पूर्णपणे तर्कशुद्ध आहे असे नाही. फ्रेंच बचाव अर्धखुल्या डावांचा असूनही तो खुल्या डावांच्या खंडात आहे. बी खंडात सिसिलियनने २० ते ९९ असे तब्बल ८० कप्पे व्यापले आहेत आणि कॅरो-कानने आणखी १०. उरलेल्या दहा कप्प्यांत बाकीच्या साऱ्या बचावांची दाटी झाल्यावर फ्रेंचच्या २० कप्प्यांना तेथे जागाच उरत नाही. ग्रुनफेल्ड हा कुळाने इंडियन बचाव असूनही त्याचे घर डी खंडात आहे.

कप्प्यांच्या वाटणीतून १९७० च्या दशकातील पसंतीही दिसते. सिसिलियनच्या नायडॉर्फ या एका उपप्रकाराला दहा कप्पे मिळाले, कारण बॉबी फिशरच्या त्या हत्याराची त्या काळी सर्वत्र चर्चा होती. किंग्ज गँबिटलाही त्याच्या पूर्वपुण्याईवर दहा कप्पे मिळाले. रुय लोपेझमधील बर्लिन बचावाला मात्र सी ६५ ते सी ६७ असे तीनच मिळाले. आज क्लबांपासून जागतिक स्पर्धांपर्यंत खेळल्या जाणाऱ्या लंडन पद्धतीला तर स्वतंत्र खोलीच नाही. ती ए आणि डी खंडांतील इतरांच्या कप्प्यांत पाहुण्यासारखी राहते.

एक मुक्काम, अनेक वाटा

वर्गीकरणापुढची सर्वांत मोठी अडचण म्हणजे एकाच स्थितीला निरनिराळ्या क्रमांनी पोहोचता येते. याचे प्रसिद्ध उदाहरण रेक्याविक येथे १९७२ मध्ये झालेल्या जगज्जेतेपदाच्या लढतीतील सहावा डाव हे आहे. राजापुढील प्याद्यानेच डाव सुरू करणारा म्हणून ख्यात असलेल्या फिशरने त्या दिवशी वजिराच्या उंटापुढील प्यादे दोन घरे सारले. ही इंग्लिश ओपनिंगची चाल होय आणि तेवढ्यावरच थांबले असते, तर डावाची नोंद ए खंडात झाली असती. काही चालींतच डाव क्वीन्स गँबिटच्या वळणावर गेला आणि त्याची नोंद डी ५९ या कप्प्यात झाली. फिशरने तो इतक्या सफाईने जिंकला, की प्रेक्षकांबरोबर पराभूत बोरिस स्पास्कीनेही टाळ्या वाजवल्या.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ईसीओचा क्रमांक डाव कोठून निघाला यापेक्षा कोठे पोहोचला हे सांगतो. चालींचा क्रम निवडणे ही स्वतंत्र कला आहे. प्रतिस्पर्ध्याच्या आवडीची वाट चुकवून त्याला आपल्या ओळखीच्या मुक्कामी आणणे हा त्या कलेचा गाभा आहे आणि ती कोणत्याही सूचीत मावत नाही.

गँबिटचे शतक

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बुद्धिबळ म्हणजे राजावरचा थेट हल्ला असे समीकरण होते. आरंभीच प्यादे अर्पण करून मोहऱ्यांना वाट मोकळी करून देणे, म्हणजेच गँबिट खेळणे, हे पौरुषाचे लक्षण मानले जाई. अडॉल्फ अँडरसनने १८५१ मध्ये लंडन येथे लिओनेल किझेरित्स्कीविरुद्ध जिंकलेला 'अमर डाव' किंग्ज गँबिटचा होता. १८५२ मधील त्याचा 'सदाबहार डाव' इव्हान्स गँबिटचा होता. देऊ केलेले प्यादे न स्वीकारणे त्या काळी कमीपणाचे समजले जाई.

या समजाला पहिला धक्का विल्हेम स्टाइनिट्झने दिला. हल्ला हा लहान लहान फायद्यांच्या संचयातून उभा राहिला पाहिजे आणि बचाव अचूक असेल तर घाईचा हल्ला कोसळतो, असे त्याने खेळून आणि लिहून दाखवले. १८८६ मध्ये तो पहिला अधिकृत जगज्जेता झाला. त्याच्यानंतरच्या इमॅन्युएल लास्करने इव्हान्स गँबिटविरुद्ध मिळालेले प्यादे योग्य क्षणी परत करून डाव सावरण्याची रीत रुळवली. त्यानंतर श्रेष्ठ खेळाडू या गँबिटकडे फारसे वळेनात.

किंग्ज गँबिटची कहाणी अधिक नाट्यमय आहे. फिशरने १९६० मध्ये मार देल प्लाटा येथे स्पास्कीकडून याच ओपनिंगमध्ये पराभव पत्करला. पुढच्याच वर्षी त्याने एका अमेरिकन त्रैमासिकात लेख लिहून किंग्ज गँबिट निकालात निघाल्याचे जाहीर केले. गंमत म्हणजे पुढे तो स्वतःच पांढऱ्या मोहऱ्यांनी हा गँबिट खेळला. दहा कप्प्यांचे हे ओपनिंग उच्च पातळीवर आज क्वचितच दिसते, पण ते पूर्णपणे चुकीचे असल्याचे निर्णायकपणे सिद्ध झालेले नाही.

वजिराच्या प्याद्याचे राज्य

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डावांचे केंद्र वजिराच्या बाजूस सरकले. त्याचा कळस १९२७ मध्ये ब्युनोस आयर्स येथे झाला. होजे राउल कापाब्लांका आणि अलेक्झांडर अलेखिन यांच्यातील ३४ डावांच्या त्या लढतीत ३२ डाव क्वीन्स गँबिट नाकारण्याच्या प्रकारातले होते. दोन महान खेळाडू एकाच वाटेवर पुन्हा पुन्हा चालत राहिले आणि अखेर अलेखिन जिंकला. इतक्या एकसुरी अभ्यासामुळे ही वाट आता झिजून गेली आहे, अशी भीती अनेकांना वाटू लागली होती.

तिला उत्तर देणारी पिढी तोवर उभी राहिली होती. पटाचा मध्य प्याद्यांनी बळकावलाच पाहिजे, या जुन्या नियमाला आरॉन निम्झोविच, रिचर्ड रेटी, सावियेली टार्टाकोव्हर प्रभृतींनी आव्हान दिले. प्रतिस्पर्ध्याला मध्य व्यापू द्यावा आणि दुरून, उंट व घोड्यांच्या माऱ्याने तो खिळखिळा करावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९२४ मध्ये न्यूयॉर्क येथे रेटीने याच पद्धतीने कापाब्लांकाला हरवले आणि निम्झोविचचा 'माय सिस्टिम' हा ग्रंथ १९२५ मध्ये येऊ लागला.

इंडियन बचाव आणि भारत

या नव्या विचाराच्या अनेक बचावांना इंडियन हे विशेषण लागले, त्यामागे कोलकात्याचा एक खेळाडू आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जॉन कॉक्रेन हा ब्रिटिश वकील त्या शहरात महेशचंद्र बंदोपाध्याय या बंगाली खेळाडूशी अनेक डाव खेळला आणि त्यांतील बरेच डाव नोंदले गेले. भारतीय पद्धतीच्या बुद्धिबळात प्याद्याला पहिल्याच चालीत दोन घरे जाण्याची मुभा नसे. त्यामुळे प्यादी संथपणे सरकवून उंट पटाच्या कोपऱ्यालगतच्या घरात, लांब तिरप्या रेषेवर ठेवण्याची मांडणी येथील खेळाडूंच्या अंगवळणी पडलेली होती. युरोपीय नियमांनी खेळतानाही महेशचंद्रांनी ती सोडली नाही. १८५५ मधील त्यांच्या एका डावात आज ग्रुनफेल्ड म्हणून ओळखली जाणारी मांडणी दिसते. अर्न्स्ट ग्रुनफेल्डने हा बचाव स्पर्धेत आणला तो १९२२ मध्ये, म्हणजे ६७ वर्षांनंतर.

याच भारतीय पद्धतीवर वाढलेला मीर सुलतान खान १९२९ मध्ये इंग्लंडला गेला. ओपनिंग्जचे पुस्तकी ज्ञान त्याच्याजवळ नव्हते. तरीही त्याने १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकली आणि हेस्टिंग्ज येथील १९३०-३१ च्या स्पर्धेत कापाब्लांकावर मात केली. ओपनिंगमध्ये मागे पडूनही डावाच्या मध्यात आणि अंती सावरता येते, याचा तो ठळक दाखला ठरला.

पुढे १९४० आणि १९५० च्या दशकांत डेव्हिड ब्रॉनस्टाइन, इसाक बोलेस्लाव्हस्की आदी सोव्हिएत खेळाडूंनी किंग्ज इंडियन बचावाला प्रतिष्ठा मिळवून दिली. झ्युरिक येथील १९५३ च्या आव्हानवीर स्पर्धेत तो वारंवार खेळला गेला. फिशर आणि नंतर गॅरी कास्पारोव यांच्या हाती तो प्रतिहल्ल्याचे शस्त्र बनला. व्लादिमीर क्रॅमनिकने १९९० च्या दशकात त्यावर परिणामकारक उपाय सापडवला, तेव्हा १९९७ नंतर कास्पारोवनेही तो जवळपास बाजूला ठेवला.

एका तयारीची किंमत

ओपनिंगची तयारी जगज्जेतेपदाचा निकाल कसा फिरवू शकते, हे भारतीय क्रीडारसिकांनी विश्वनाथन आनंदच्या कारकिर्दीत जवळून पाहिले. १९९५ मध्ये न्यूयॉर्क येथे कास्पारोवविरुद्ध पहिले आठ डाव बरोबरीत सुटल्यावर नववा डाव आनंदने जिंकला. दहाव्या डावात कास्पारोवने रुय लोपेझच्या खुल्या प्रकारात घरी सिद्ध करून आणलेले बलिदान खेळले आणि आनंदकडे उत्तर उरले नाही. अकराव्या डावात सिसिलियनचा ड्रॅगन हा अनपेक्षित प्रकार पुढे आला आणि आनंद पुन्हा हरला. ती लढत कास्पारोवने १०.५-७.५ अशी जिंकली. त्याच वर्षी रिगा येथे कास्पारोवने आनंदविरुद्ध इव्हान्स गँबिट बाहेर काढला आणि तो डाव अवघ्या २५ चालींत संपला. शंभर वर्षे बाजूला पडलेला कप्पा असा अचानक उघडला गेला.

तेरा वर्षांनी, २००८ मध्ये बॉन येथे, हेच अस्त्र आनंदने स्वतः वापरले. आयुष्यभर प्रामुख्याने राजापुढील प्याद्याने डाव सुरू करणाऱ्या आनंदने क्रॅमनिकविरुद्ध वजिरापुढील प्यादे पुढे केले. काळ्या मोहऱ्यांनी त्याने सेमी-स्लाव्ह बचावातील मेरान प्रकारात तिसरा आणि पाचवा असे दोन डाव जिंकले आणि ६.५-४.५ अशा गुणांनी जगज्जेतेपद राखले. २०१० मध्ये सोफिया येथे व्हेसेलिन टोपालोवविरुद्धच्या बाराव्या आणि अखेरच्या डावात त्याने क्वीन्स गँबिटमधील लास्करचा जुना बचाव निवडला आणि काळ्या मोहऱ्यांनीच लढत जिंकली.

बर्लिनची भिंत

जुन्या कप्प्याच्या पुनरुज्जीवनाचे सर्वांत परिणामकारक उदाहरण मात्र २००० मधील लंडनच्या लढतीचे आहे. कास्पारोवसमोर क्रॅमनिकने रुय लोपेझमधील बर्लिन बचाव उभा केला. त्यात दोन्ही वजीर आठव्या चालीपर्यंत पटावरून जातात आणि काळ्या राजाला किल्लेकोट करण्याचा, म्हणजेच कॅसलिंगचा, हक्क गमवावा लागतो. जुन्या ग्रंथांच्या दृष्टीने ही काळ्याची गैरसोयच होती. परंतु वजीर गेल्यामुळे कास्पारोवच्या हल्लेखोर प्रतिभेला वावच उरला नाही. चार डावांत बर्लिन खेळला गेला आणि चारही बरोबरीत सुटले. कास्पारोवला संपूर्ण लढतीत एकही डाव जिंकता आला नाही आणि १५ वर्षे त्याच्याकडे असलेले जगज्जेतेपद ८.५-६.५ अशा फरकाने गेले. सूचीने तीन कप्प्यांत गुंडाळलेल्या बचावाने हा निकाल घडवला होता.

त्यानंतर बर्लिनला जी मागणी आली, ती दीर्घकाळ टिकली. २०१३ मध्ये चेन्नई येथे आनंद आणि मॅग्नस कार्लसन यांच्यातील लढतीतही तीन डावांत तो दिसला. त्याचा दुसरा परिणाम असा, की बर्लिनची भिंत टाळू पाहणारे पांढरे खेळाडू इटालियन ओपनिंगच्या संथ प्रकाराकडे वळले. नवशिक्यांसाठी म्हणून बाजूला टाकलेले हे ओपनिंग २०१० च्या दशकात श्रेष्ठ खेळाडूंच्या स्पर्धांत नित्याचे झाले.

संगणकाचा निवाडा

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात डावांचे संगणकीय संग्रह आले आणि ईसीओच्या क्रमांकांना नवे महत्त्व मिळाले. ज्या शोधाला पूर्वी नियतकालिकांचे गठ्ठे चाळावे लागत, तो क्रमांक टाकताच होऊ लागला. नंतरच्या काळात गणनक्षम कार्यक्रम इतके प्रबळ झाले, की एखाद्या ओपनिंगची योग्यता परंपरेऐवजी यंत्राच्या आकड्यावरून ठरू लागली. १९९७ मध्ये डीप ब्लूविरुद्धच्या निर्णायक सहाव्या डावात कास्पारोवने कॅरो-कानमध्ये धोकादायक म्हणून परिचित असलेली चाल केली, यंत्राने घोड्याचे बलिदान दिले आणि डाव १९ चालींत आटोपला.

डिसेंबर २०१७ मध्ये अल्फाझीरो या कार्यक्रमाची माहिती प्रसिद्ध झाली. त्याला केवळ नियम शिकवले होते. ओपनिंग्जचा कोणताही ग्रंथ दिला नव्हता. स्वतःशी खेळता खेळता त्याने माणसांनी शतकांत शोधलेली अनेक ओपनिंग्ज पुन्हा शोधून काढली, काही वापरली आणि काही टाकून दिली. संशोधकांनी आपल्या निबंधात हे सारे मांडताना इंग्लिशसाठी ए १०, फ्रेंचसाठी सी ०० असे बेलग्रेडचेच क्रमांक वापरले. यंत्राला त्या क्रमांकांची गरज नव्हती, ती गरज माणसांची होती. राजाच्या बाजूचे कडेचे प्यादे लवकर पुढे दामटण्याची अल्फाझीरोची सवय मात्र त्यानंतर माणसांच्या डावांतही दिसू लागली.

संगणकाने काही ओपनिंग्ज उचलली, तर काहींची पत घटवली. किंग्ज इंडियनमध्ये यंत्रे पांढऱ्याला स्पष्ट वरचष्मा दाखवतात, म्हणून बरोबरीची हमी हवी असलेला खेळाडू तो टाळतो. त्याउलट सिसिलियनच्या स्वेश्निकोव प्रकारावर एकेकाळी प्याद्यांची मांडणी बिघडवणारा म्हणून टीका झाली होती. तो यंत्रांच्या कसोटीला उतरला. २०१८ मध्ये लंडन येथे फाबियानो कारुआनाविरुद्धच्या लढतीत कार्लसनने त्यावरच भिस्त ठेवली. त्या लढतीतील बाराही पारंपरिक डाव बरोबरीत सुटले आणि निकाल जलद डावांत लागला.

कप्प्यांपलीकडे

दोन्ही बाजूंची तयारी इतकी सखोल झाल्यावर तिच्यातून सुटण्याचे मार्गही शोधले जाऊ लागले. फिशरने १९९६ मध्येच मागच्या ओळीतील मोहऱ्यांची जागा चिठ्ठी टाकून ठरवण्याची पद्धत सुचवली होती. तीत ९६० आरंभस्थिती संभवतात आणि पाचशे कप्प्यांची सारी सूची निरुपयोगी ठरते. पारंपरिक बुद्धिबळातील उत्तर अधिक साधे आहे. कमी चर्चिलेली, संथ, पण पूर्ण डाव खेळायला लावणारी ओपनिंग्ज निवडायची. २०२३ मध्ये अस्ताना येथे डिंग लिरेनने इयान नेपोम्नियाश्चीविरुद्धचा सहावा डाव लंडन पद्धतीने जिंकला. सिंगापूर येथे २०२४ मध्ये डी. गुकेशविरुद्धच्या पहिल्या डावात त्याने फ्रेंच बचाव खेळून काळ्या मोहऱ्यांनी विजय मिळवला. हा बचाव श्रेष्ठ स्पर्धांत बराच मागे पडलेला होता. ती लढत डिसेंबर २०२४ मध्ये गुकेशने ७.५-६.५ अशी जिंकली.

मालिकेच्या पडद्यावरूनही एका ओपनिंगचे नाव घरोघर पोहोचले. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या 'द क्वीन्स गँबिट' या मालिकेनंतर बुद्धिबळाकडे वळलेल्या अनेकांना हे नाव डी खंडातील एका मोठ्या दालनाचे आहे, हे नंतर कळले.

ओपनिंग्जच्या या इतिहासात पूर्णपणे बाद झालेली फारच थोडी आहेत. बहुतेकांच्या बाबतीत खेळाडूंनी विचारलेला प्रश्न बदलला आणि उत्तर देणारे ओपनिंगही बदलले. राजावर हल्ला कसा चढवावा, हा प्रश्न होता तेव्हा किंग्ज गँबिट पुढे होता. मध्य कसा राखावा, या प्रश्नाला क्वीन्स गँबिटने उत्तर दिले, तर तो कसा पोखरावा, याला इंडियन बचावांनी. अजिंक्य हल्लेखोराला कसे थोपवावे, हा प्रश्न पडला तेव्हा बर्लिन उपयोगी पडला. ईसीओचा क्रमांक हा ओपनिंगचा पत्ता आहे, त्याची पत नव्हे. सर्व कप्पे सर्वांना खुले असताना, कोणता कप्पा कोणत्या दिवशी उघडायचा, हा निर्णय अजूनही खेळाडूलाच घ्यावा लागतो आणि त्याची किंमतही त्यालाच मोजावी लागते.